आधी तेल बघ, मग तंगडी उचल

वाद पेटला तो पक्याच्या एका वाक्यावरून. "फ्राइड चिकनचं हॉटेल पारखायला एकच कसोटी पुरते, कुरकुरीत आहे की नाही. बाकी सगळ्या गप्पा."

"मग नुसतं आवरणच खा की," मास्तर म्हणाले. "आत कोंबडी कशाला हवी?"

मास्तरांचा सगळा जोर मिठावर. हाडाला लागून असलेलं मांस वेगळं काढायचं आणि वरच्या आवरणाचा कण न लावता खायचं. ते अळणी लागलं तर समजायचं, चिकन मुरवलेलं नाही, सगळी चव पिठात घातली आहे. मसाला मांसात काही मिलिमीटरच्या पलीकडे शिरत नाही. मीठ शिरतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. लिटरभर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम मीठ घालून तुकडे चार-पाच तास बुडवायचे. ताकात ठेवायचे तर मीठ लिटरला २०-२५ ग्रॅम आणि वेळ रात्रभर. मिठाने मांसातली प्रथिनं सैल होतात, पाणी धरून ठेवतात, म्हणून तळणीतून निघाल्यावरही छातीचा तुकडा कोरडा पडत नाही.

"म्हणजे जितकं मुरवाल तितकं भारी."

"तिथेच लोक फसतात. लिंबू, व्हिनेगर किंवा पपई जास्त वेळ लागून राहिली की वरचा थर पिठूळ होतो. दाताला काही लागत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं, किती मऊ! मऊ नाही रे, ते लगदा झालंय."

ताई इतका वेळ गप्प होती. तिची नोकरीच फ्रायरसमोर उभं राहण्याची. "तुम्ही दोघं ताटापासून सुरुवात करताय," ती म्हणाली. "मी दारापासून करते. आत शिरल्यावर वास कसा येतो? भाजल्यासारखा, खमंग आला तर बसायचं. जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा माशासारखा आला तर तेल संपलंय, तिथून परत फिरायचं. फ्रायर दिसत असेल तर फेस बघायचा. तुकडे टाकल्यावर मोठे बुडबुडे येऊन फुटतात ते ठीक. बारीक फेस येऊन वर चढत राहिला आणि बसेचना, तर त्या तेलाचं चिकट रसायन झालेलं असतं. असं तेल धूरही लवकर सोडतं, खाल्ल्यावर घसा खवखवतो."

"म्हणजे रोज नवीन तेल घालणारा सगळ्यात चांगला," पक्याने निकाल दिला.

"नाही. कोऱ्या तेलात पहिली खेप फिकी निघते. दोन-चार खेपा झाल्या की तेल तुकड्याला नीट भिडतं आणि रंग धरतो. मग बराच काळ ते उत्तम चालतं, त्यानंतर उतरणीला लागतं. चांगलं हॉटेल तेल रोज गाळतं, तळाचा जळका चुरा काढतं आणि उतरण लागायच्या आत बदलतं. आवरणावर काळे ठिपके दिसले तर गाळणं होत नाही असं समज. पण आधी तो ठिपका मिरीचा नाही ना, तेवढं बघ."

मग विषय तापमानावर आला आणि ताई थांबेना. तेल १६५ ते १७५ अंशांवर असताना तुकडे सोडायचे. थंड चिकन पडलं की ते पंधरा-वीस अंशांनी उतरणारच, फ्रायरने ते परत वर आणायला हवं. जाळीत दाटीवाटीने भरलं की तेल १४० च्या खाली जातं. आवरण घट्ट व्हायच्या आत पीठ सुटायला लागतं आणि तुकडा पांढुरका, तेलकट निघतो. उलट तेल १९० च्या वर असेल तर बाहेरून गडद, हाडापाशी कच्चं. आवरणात साखर किंवा लाल तिखट जास्त असलं तरी रंग लवकर चढतो, त्यामुळे गडद तुकडा बघून शिजलंय असं धरून चालायचं नाही.

"तेलकटपणाचं अजून एक," ती म्हणाली. "तळताना आतून वाफ बाहेर येत असते, ती तेलाला आत येऊ देत नाही. बरंचसं तेल शिरतं ते तुकडा बाहेर काढल्यावर. वाफ थंडावते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्याकाढल्या जाळी झटकायची आणि तुकडे तारेच्या जाळीवर ठेवायचे. कागदावर रचून ठेवले की खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. ताटात आलेला तुकडा उलटा करून बघा. तळाची बाजू लिबलिबीत असेल तर ठेवण्यात चूक झाली, तळण्यात नाही."

मास्तरांनी आवरण सोलून निघण्याचं कारण विचारलं. ताईच्या मते बहुतेक वेळा ओल नडते. तुकडा नीट निथळला नाही तर पीठ आणि कातडीच्या मध्ये वाफ कोंडते आणि आवरण टरफलासारखं सुटतं. पीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की ते ओल पिऊन चिकटतं. घाईच्या वेळी हीच पायरी गळते. अर्धा किलो मैद्याला १००-१२५ ग्रॅम कॉर्नफ्लोर घातलं तर आवरण हलकं होतं, आणि त्या पिठात मुरवणीचं दोन-तीन चमचे पाणी चोळलं की खडबडीत पापुद्रे येतात. पक्याला आवडतात ते हेच.

"गर्दीच्या वेळी जायचं, म्हणजे ताजं मिळतं," पक्या म्हणाला.

"गर्दी ऐन भरात असताना फ्रायर ओसंडत असतो. गर्दी सुरू होताना जा," मास्तर म्हणाले. ताईने मान डोलावली. दुपारच्या सुस्त वेळी चिकन गरम कपाटात पडून असतं, कातडी चामट होते.

घड्याळ लावायचं हे मात्र तिघांनाही पटलं. हाडासकट मांडी किंवा तंगडी कच्च्यापासून तळायला बारा ते सोळा मिनिटं लागतात, बिनहाडाच्या पट्ट्यांना चार-पाच. हाडाचा तुकडा चार मिनिटांत समोर आला तर तो आधीच तळलेला होता.

"म्हणजे शिळा!"

"तसंच काही नाही. दोनदा तळणं ही पद्धतच आहे, कोरियन धाटणीचं चिकन तसंच करतात. पहिल्यांदा १५०-१६० ला शिजवायचं, थोडं थांबायचं, मग १८५-१९० ला दोन-तीन मिनिटं. मधल्या वेळात ओल बाहेर येते, दुसऱ्या तळणीत ती उडते. कालचं गरम केलेलं चवीला कळतं. हाडाजवळ खवट, पुठ्ठ्यासारखी चव येते, कारण शिजलेल्या मांसातली चरबी फ्रिजमध्येही बिघडत राहते."

वेळेच्या याच कटकटीपायी केएफसी सुरू करणाऱ्या हारलँड सँडर्स यांनी १९३९ मध्ये प्रेशर कुकर हाती घेतला, ही मास्तरांची भर. दाबाखाली चिकन लवकर होतं, आत रसाळ राहतं, पण आवरण तितकं खडखडीत होत नाही. "तेव्हा पक्या, तुझ्या एकाच कसोटीवर तो अख्खा प्रकार नापास. न्याय आहे का हा?"

पक्याने विषय बदलला. "आणि हाडाजवळ लाल दिसलं तर? ताट परत करायचं ना?"

"नुसत्या रंगावर नाही," ताई म्हणाली. "लहान वयाच्या कोंबडीच्या हाडातला रंग झिरपतो, पूर्ण शिजल्यावरही लालसर दिसतं. मांस बघ. धागे सुटत असतील तर झालंय. काचेसारखं, जेलीसारखं चमकत असेल आणि हाडाला ओढून धरत असेल तर कच्चं, सरळ परत पाठव. स्वयंपाकघरात सुई टोचून ७४ अंश बघायचे असतात. मांडीला तर ८० च्या पुढे नेलं की जास्त चव येते, तिच्यातले चिवट पडदे तेव्हा विरघळतात."

पार्सलवरून हॉटेलला नापास करायचं नाही, हे ठरायला वेळ लागला नाही. बंद डब्यात दहा मिनिटांत वाफ काम तमाम करते, मग तळणारा कितीही पट्टीचा असो. पार्सल दिलंच तर डब्याला भोकं आहेत की नाहीत, एवढं बघण्यासारखं.

परीक्षेला तुकडा कुठला मागवायचा, यावर मात्र तोंडं दोन दिशांना. मास्तर छातीवर अडले, कारण मुरवण्यातली चूक तिथे लपत नाही. ताई हाडासकट मांडीवर, कारण तळण्यातली चूक तिथे लपत नाही. शेवटी दोन्ही, आणि पहिल्यांदा सॉसशिवाय. सॉस निदान बाजूला वाटीत तरी येऊ द्या, असं पक्या अजून म्हणतोच आहे.