शमुवेल, समाजी आणि न सापडणारा आयिन

नमस्कार. सॅम्युएल, म्हणजे मराठी बायबलातला शमुवेल, या नावावरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. ‘देवाने ऐकले’ हा जिथेतिथे छापलेला अर्थ का नाकारला? शमुवेलाची आई हन्ना हिची प्रार्थना देवाने ऐकली, हे बायबलातच असताना ते कसे सुटले? आणि ‘समाजी’ या अस्सल मराठी नावाला हिब्रू का ठरवले?

हिब्रूत हे नाव पाच अक्षरांचे आहे: शिन, मेम, वाव, आलेफ, लामेद. ‘ऐकणे’ हा धातू मात्र शिन-मेम-आयिन. आयिन हे घशातले व्यंजन. त्याला ना रोमन लिपीत अक्षर, ना देवनागरीत. म्हणून आपल्या लिपीत ‘शमा’ (ऐकले) आणि ‘शमू’ सख्खे भाऊ दिसतात आणि तिथेच फसगत होते. ज्या नावांत खरोखर ‘ऐकले’ आहे त्यांत आयिन शाबूत आहे: इश्माएल, शिमोन, अलीशामा, शमाया. मग तो एकट्या शमुवेलातूनच का गळावा? काही जुन्या कोशांत तो झिजला असे गृहीत धरले आहे, पण ते पटण्यासारखे नाही. अरबीचीही साक्ष काढता येते. इस्माईलमध्ये ऐन, म्हणजे आयिनचा जोडीदार, आहे. सहाव्या शतकातला ज्यू कवी अस-समवअल याच्या नावात हमजा, म्हणजे आलेफचा जोडीदार.

उरतात ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव. मधला ‘उ’ जुन्या विभक्तीचा अवशेष मानला तर अर्थ ‘देवाचे नाव’; ‘त्याचे’ असा घेतला तर ‘त्याचे नाव एल’. असा मधला ‘उ’ इतरत्रही दिसतो. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात याकोब रात्रभर झुंजतो ती जागा एका ओळीत पनीएल आहे, तर पुढच्याच ओळीत पनुएल. बाबिलोनच्या पहिल्या राजवंशातल्या सुमू-अबुम आणि सुमू-ला-एल या राजांच्या नावांतल्या ‘सुमू’चा अर्थही ‘नाव’ असाच. लेखात मी ‘देवाचे नाव’ हा एकच अर्थ ठोकून दिला होता. ती चूक माझी. आता दोन्ही दिले आहेत.

हन्नाची कथा तर तुमच्या बाजूने बोलतच नाही. तिने नवस केला, मुलगा झाला, आणि १ शमुवेल १:२० मध्ये नावाचे कारण ती देते ते ‘परमेश्वराकडून मागून घेतला’ असे. धातू ‘शाआल’, मागणे. ‘ऐकणे’ तिथे नाहीच. गंमत म्हणजे या धातूतून सरळ निघणारे नाव शाऊल, आपल्या बायबलातला शौल राजा. २८व्या ओळीत तर मुलाबद्दल चक्क ‘हू शाऊल’ असे शब्द येतात. त्यावरून ही मुळात शौलाच्या जन्माची कथा असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते ओढूनताणून वाटते. बायबलचे लेखक नावांवर ध्वनिसाम्याने कोट्या करतात. बाबेलचा संबंध ते ‘बालल’, म्हणजे कालवाकालव करणे, याच्याशी जोडतात. त्यांना व्युत्पत्ती सांगायची नसते.

समाजी मराठी आहेच, पण त्याचे मूळही तपासा. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, हिब्रू नावाला मराठी वळण देऊन पुढे ‘जी’ लावला: अब्राहमचा अबाजी, बेंजामिनचा बनाजी, यहेज्केलचा हसाजी. आडनाव गावावरून, ‘कर’ लावून. १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनामंदिर) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर. मांडवीतली सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची.

‘आता कोण ठेवतं हे नाव?’ असेही तुम्ही विचारले आहे. इस्राएलमध्ये श्मुएल आता आजोबांच्या पिढीचे किंवा धार्मिक घरातले नाव वाटते, लाडात श्मुलिक. अमेरिकेत मात्र १८८०पासूनच्या सरकारी याद्यांत सॅम्युएल पहिल्या शंभरातून कधी बाहेर गेलेले नाही.

मुलाचे नाव ठेवायचे असेल तर उच्चाराचे तेवढे पाहा. आजच्या हिब्रूत पहिल्या ‘श’ला स्वर नाही आणि आघात शेवटी: श्मुएल. ‘शमुवेल’मधला ‘वे’ ही मराठी जिभेची सोय आहे. मूळ वाव तिथे फक्त ‘ऊ’ दाखवतो. ‘व’ म्हणून तो उच्चारत नाहीत.