‘काम भट्टीचं, नाव मुलांचं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री मी तावातावाने उत्तर लिहायला बसले होते. अर्ध्यावर वीज गेली, ते बरंच झालं. आता आठ दिवसांनी लिहितेय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बडोद्यातल्या एका शाळेत मी सातवी ते नववीच्या मुलांना फ्यूज्ड ग्लास शिकवते, म्हणजे काचेचे तुकडे एकावर एक मांडून भट्टीत एकजीव करायचे. गेल्या महिन्यात त्याबद्दल फोटोंसकट लिहिलं होतं. सर दांडिया बाजारात राहतात आणि भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं असं की मुलं नुसते तुकडे मांडतात, बाकी सगळं भट्टी करते, मग यात मुलांची कला कुठली? दुसरं, काच मुलांच्या हातात देणं धोक्याचं आहे, खंभातच्या अकीक दगड घासणाऱ्या कारागिरांचं काय झालं ते आठवा. आणि तिसरं, जे मला खरं लागलं : ‘ताई, तुमच्या फोटोंत एकही फुटलेली वस्तू नाही. चाळीस मुलं काचकाम करतात आणि काहीच फुटत नाही, हे पटत नाही.’

सर, बरोबर पकडलंत. फुटतं. मी फोटो टाकले नाहीत.

आठवीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिला आजीसाठी ताटली करायची होती. खिडकीच्या काचेचे दोन सारखे चौकोन, आणि मधे हिरव्या बाटलीचे चुरे, वेलीसारखे मांडलेले. बाटलीची काच आणि खिडकीची काच एकत्र चालत नाही हे मला माहीत होतं. पण चुरे चिमूटभर, वेल सुंदर, आणि मुलगी समोर उभी. मी ‘चालेल’ म्हटलं. सोमवारी भट्टी उघडली तर ताटली अखंड, झकास. ती घरी गेली, आजीच्या कपाटात बसली. आणि अकराव्या दिवशी रात्री ठक्‌ असा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर वेलीच्या कडेकडेने तडा. कोणी हात लावला नव्हता. आजी म्हणाली, कोणाची तरी दृष्ट लागली.

दृष्ट माझीच लागली होती म्हणा. तुम्हाला कारण सांगायला नको, पण वर्गाला मी ते फळ्यावर कसं सांगितलं ते लिहिते. भट्टीत घालायची रंगीत काच विकत मिळते तिच्यावर ९० किंवा ९६ असा आकडा असतो. तापमान एक अंशाने वाढलं की काच कोटीत किती भाग पसरते, त्याचा तो आकडा. या दोन्ही काचा एकत्र घालायच्या नाहीत. मुलं म्हणाली, सहाचाच तर फरक! मग गणित केलं. वीस सेंटिमीटरची ताटली, काच घट्ट झाल्यापासून खोलीच्या तापमानापर्यंत साधारण ५०० अंश उतरते. एक काच दुसरीपेक्षा जास्त आकसते ती फक्त ०.०६ मिलिमीटरने. एका केसाच्या जाडीएवढी. पण काच ताणली जात नाही, वाकत नाही, तो केसभर फरक ताण म्हणून पोटात धरून बसते आणि एखाद्या रात्री सोडते. बाटली आणि खिडकीचं तर आकडे छापलेले नसतात, त्यामुळे तिथे गणितही करता येत नाही.

पुढचा तास मला ठरवावा लागला नाही, मुलांनीच ठरवला. बंद पडलेल्या मॉनिटरच्या पडद्यावरून पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश पुढे जाऊ देणारी, पट्टी सोलली, तिचे दोन तुकडे आडवे-उभे धरले की मधलं सगळं काळं. आता मधे काच धरायची. काचेत ताण नसेल तर काळं ते काळंच. ताण असेल तर त्या जागी पांढुरकं तेज दिसतं, चंद्राभोवती खळं पडतं तसं. त्या मुलीने तडकलेली ताटली मधे धरली. प्रत्येक हिरव्या चुऱ्याभोवती खळं. वर्गात एकदम शांतता पसरली, आणि मग एक मुलगा मागून म्हणाला, ‘बेन, म्हणजे हे आधीच दिसलं असतं?’

हो. दिसलं असतं. तेव्हापासून आमच्याकडे नवी काच आली की आधी तिचा छोटा तुकडा मूळ काचेवर ठेवून भाजतो आणि पट्ट्यांमधून बघतो. मुलं याला ‘पास-नापास’ म्हणतात. आणि एका वस्तूची सगळी साधी काच एकाच तावातून कापतो, कारण दोन कारखान्यांच्या खिडकीच्या काचाही जमतीलच असं नाही.

आता ‘भट्टीच सगळं करते’ याबद्दल. हे वाक्य मला पटलं नाही, पण त्यात थोडं तथ्य आहे हे मान्य. शनिवारी संध्याकाळी भट्टी लावली की ८३० अंशांच्या आसपास काच वितळते, मग ती भराभर साडेपाचशेच्या आसपास उतरवून तिथे तासभर थोपवायची आणि पुढे हळूहळू उतरू द्यायची. या काळात मुलं घरी पतंग उडवत असतात. पण वितळलेली काच स्वतःच्या मर्जीने वागते. तिला साधारण सहा मिलिमीटर जाडी हवी असते. पातळ असेल तर ती कडा आत ओढून घेते, जाड असेल तर बाहेर पसरते. चांदणीची टोकं बोथट होतात, बारीक कण गोळी होतो. हे मुलाला आधी ठरवून मांडावं लागतं. म्हणून आमचे वर्ग बघितलेत तर मुलं बराच वेळ काहीच करत नसतात, नुसती बघत बसलेली असतात. मुख्याध्यापकांना सुरुवातीला हे फार खटकलं होतं.

तुम्ही कलाभवनचा, बडोद्यातल्या त्या जुन्या तंत्रशाळेचा, दाखला दिलात, ‘तिथे पोरं हातानं शिकायची’ म्हणून. सयाजीरावांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जरांकडे दिली, ते रसायनाचे माणूस. तिथे रंगकाम शिकवलं जायचं. सर, रंगाच्या कुंडात कापड बुडवल्यावर काम कुंडच करतं ना? रंगारी कुंड लावतो.

एक उदाहरण देते. नववीतल्या मुलांनी दोन काचांमधे पानं भाजून पाहिली. पान जळतं आणि राखेचा पांढरा ठसा उरतो. पिंपळाच्या जाळीदार वाळक्या पानाचा ठसा इतका नाजूक आला की मीच तो मागून घेतला. वडोदरा म्हणून एकाने हट्टाने वडाचं ताजं पान घातलं. जाड, ओलं, चिकाचं. आत वाफ कोंडली, काच मधोमध फुगली आणि फुग्याला भोक पडलं. तेच आता खिडकीत टांगलंय, खाली त्याने चिठ्ठी लावलीय : ‘पान वाळवा.’ तांब्याचा पातळ पत्रा घातला तर कुठे तांबूस, कुठे निळसर येतो. खायचा सोडा चिमूटभर टाकला की बुडबुडे. हे मी सांगून होत नाही, त्यांनाच करून पाहावं लागतं.

धोक्याबद्दल थोडक्यात. हिरकणी (काच कापायचं हत्यार) सातवीपासून पुढे, चष्मा लावून, सरळ रेघेपुरतीच. वळणाचं कापणं माझ्याकडे. कडा घासायच्या त्या पाण्याखाली. भट्टीला मुलं हात लावत नाहीत, भट्टीतल्या फळीला काच चिकटू नये म्हणून लावतात त्या लेपाची पावडर मीच मास्क लावून कालवते. खंभातचं दुःख खरं आहे, पण अकीक म्हणजे स्फटिकरूप सिलिका, तिच्या धुळीने त्या माणसांची फुप्फुसं गेली. काचेतली सिलिका स्फटिकरूप नसते. म्हणून काचेची धूळ छातीत गेली तरी चालेल असं मी म्हणत नाही, नाहीतर पाण्याची बादली कशाला ठेवली असती? बोटं कापतात, वर्षाला चार-पाच. चिकटपट्टीचा डबा टेबलावरच असतो.

फुटलेल्या वस्तूंचे फोटो पुढच्या लेखात टाकते, सतरा आहेत. ती हिरव्या वेलीची ताटली मात्र त्यांत नसेल. मुलगी ती द्यायला तयार नाही. तडा अजून पुढे सरकतोय, दर रविवारी ती पट्टीने मोजते आणि वहीत लिहिते.

आणि एक विनंती. आमच्या पोलरायझरच्या दोन पट्ट्यांपैकी एक गेल्या आठवड्यात कोणीतरी दुमडली. तुमच्याकडे प्रयोगशाळेतली जुनी जोडी पडून असेल तर सोमवारी साडेआठला घेऊन याल का? भट्टी आम्ही त्याच वेळी उघडतो. खळं कशामुळे दिसतं हे मी मुलांना जेमतेम सांगितलंय, तुम्ही नीट सांगाल.