‘दोन मिनिटांची नटी’? लोइस मॅक्सवेलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बाँडपटांत बाँडच्या साहेबाची सेक्रेटरी मनीपेनी झालेल्या लोइस मॅक्सवेल या नटीवरचा माझा लेख वाचून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बाँडपटांत ही बाई दरवेळी दोन-चार मिनिटं दिसते, ऑफिसात बसून बाँडशी लाडिक बोलते आणि सिनेमा पुढे जातो. याला कारकीर्द म्हणणं म्हणजे जुन्या सिनेमाचं प्रेम. बाहुल्यांना आवाज देणं तर निव्वळ पोटापाण्याचं काम, ते अभिनयात धरू नये. शेवटी तुम्ही विचारलंत की बाँड सोडून तिचं पाहण्यासारखं आहे तरी काय.

आधी बाहुल्यांचं बोलते, कारण तिथेच मला तुमचं म्हणणं सगळ्यात कमी पटलं.

१९६४ साली ब्रिटिश टीव्हीवर आलेल्या ‘स्टिंगरे’ या ३९ भागांच्या मालिकेत सगळी पात्रं दोऱ्यांवरच्या बाहुल्या होती. त्यातल्या अटलांटा शोर या सागरी सुरक्षादलातल्या अधिकारी बाईचा आवाज लोइसचा. या मालिकेत नटांचे संवाद आधी रेकॉर्ड व्हायचे. मग चित्रीकरणाच्या वेळी ती टेप वाजवली जायची, तिच्यातून निघालेला विजेचा संकेत बारीक तारेतून बाहुलीच्या डोक्यात जायचा आणि तिचा खालचा ओठ हलायचा. बाकी चेहरा लाकडासारखा स्थिर. हसरा चेहरा हवा असेल तर हसरं डोकं बसवायचं. म्हणजे एका वाक्यात सुरुवातीला आशा आणि शेवटी हिरमोड दाखवायचा असेल, तर तो सगळा आवाजातून. अटलांटाचं नायकावर, ट्रॉय टेम्पेस्टवर प्रेम आहे आणि त्याचं लक्ष न बोलणाऱ्या मरीनाकडे. मत्सर, काळजी, ड्यूटीवरचा करडा सूर हे सारं लोइसने चेहऱ्याच्या मदतीशिवाय उभं केलं. हा अभिनय नाही तर काय आहे?

आणि याच बाईने याच्या बरोबर उलटही केलं होतं. १९५३च्या ‘आयडा’ या इटालियन सिनेमात सोफिया लॉरेनसमोर ती राजकन्या अम्नेरिस होती. ऑपेरा, म्हणजे सगळं गाऊनच सांगणारं नाटक असल्याने दोघींच्या ओठांवर गाणं दुसऱ्या गायिकांचं : सोफियाला रेनाटा तेबाल्दीचा आवाज, लोइसला एबे स्तिन्यानीचा. परक्या आवाजाला आपला चेहरा द्यायचा आणि आपला आवाज बाहुलीच्या चेहऱ्याला, ही दोन्ही कामं केलेल्या नट्या किती सापडतील?

आता मनीपेनी. पहिल्या बाँडपटात, ‘डॉ. नो’त उर्सुला अँड्रेस आणि युनिस गेसन या दोन नट्यांचे आवाज डब केलेले आहेत, दोन्ही निक्की व्हॅन डर झिल या डबिंग करणाऱ्या नटीचे. मनीपेनी मात्र लोइसच्याच आवाजात बोलते. तो किंचित घोगरा, मिश्कील, थोडा थकलेला सूर काढून टाका, त्या भूमिकेत काय उरतं ते पाहा. कागदावर ती खरंच काही नव्हती. लोइसच्या नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला होता, घरात पैशांची निकड होती, म्हणून तिने ओळखीच्या दिग्दर्शकांकडे कामाची विचारणा केली होती, त्यातून ‘डॉ. नो’चा दिग्दर्शक टेरेन्स यंगने हे काम दिलं. पोटापाण्यासाठीच केलं तिने, तुमचं बरोबर आहे. पण म्हणून त्या कामाची किंमत का कमी व्हावी, हे मला समजत नाही. पुढे १९८५पर्यंत मुख्य मालिकेतल्या ओळीने चौदा सिनेमांत ती राहिली. बाँड झालेला शॉन कॉनरी बदलून जॉर्ज लेझनबी आला, पुन्हा कॉनरी, मग रॉजर मूर. नवा बाँड ऑफिसात शिरला की प्रेक्षक त्याला स्वीकारायचे त्याचं एक कारण समोर बसलेली लोइस होती. ती त्याच्याशी जुन्या ओळखीने बोलायची, म्हणून तो बाँड वाटायचा.

‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मधला एक प्रसंग सांगते. चिडलेला बाँड मनीपेनीला राजीनामा टाइप करायला सांगतो. ती कागद त्यांच्या साहेबाकडे, एमकडे पाठवते, एम मंजूर करतो, बाँड सुन्न. मग कळतं की तिने राजीनाम्याऐवजी दोन आठवड्यांची रजा मागितली होती. दोन हट्टी पुरुषांची अब्रू ती एका कागदावर वाचवते आणि चेहऱ्यावर विजयाचा मागमूसही आणत नाही. याच सिनेमात शेवटी बाँडच्या लग्नात तो तिच्याकडे हॅट फेकतो, तेव्हाचे तिचे डोळे बघा. एक शब्द नाही. ‘लाडिक बोलणारी सेक्रेटरी’ हे वर्णन इथे कसं लागू होईल?

राहिलं बाकीचं. ऑन्टारिओतल्या किचनर गावची ही मुलगी. जन्म १९२७चा, मूळ आडनाव हूकर. वय लपवून कॅनडाच्या महिला सैन्यदलात शिरली, सैनिकांसाठीच्या कार्यक्रमांतून लंडनला पोचली आणि तिथे ‘राडा’ (रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट) या नाट्यशाळेत शिकली. रॉजर मूरशी मैत्री तिथलीच. १९४७च्या ‘दॅट हेगन गर्ल’साठी तिला नवोदित अभिनेत्रीचं गोल्डन ग्लोब मिळालं, म्हणजे मनीपेनीच्या कितीतरी आधी. पुढे कॅनडाला परतल्यावर ‘टोरांटो सन’मध्ये तिने मनीपेनीच्या नावाने वर्षानुवर्षं सदर लिहिलं. २००७ साली ऑस्ट्रेलियात ती गेली.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : रॉबर्ट वाइझचा १९६३चा ‘द हॉन्टिंग’ पाहा. भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेली, झपाटलेल्या घराचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरची बायको ग्रेस मार्कवे, म्हणजे लोइस, सिनेमा अर्ध्याच्या पुढे गेल्यावर त्या घरात येते आणि हटकून सगळ्यात वाईट खोलीत झोपायला जाते. मनीपेनीचा ऊबदारपणा तिच्यात औषधालाही नाही. शेवटाकडे गोल जिन्याच्या वर, छतातल्या झडपेतून तिचा चेहरा अचानक येतो, तेव्हा आवाज थोडा कमी ठेवा. पाहून झाल्यावर इथेच लिहा. मत तेच राहिलं तरी लिहा, मला वाचायला आवडेल.