निष्ठा आणि विष्ठा

वन्यजीव संशोधनासाठी स्वयंसेवक हवेत, असं वाचलं की डोळ्यांसमोर आधी वाघ येतो. वीस पावलांवर उभा, तो आपल्याकडे बघतोय, आपणही बाणेदारपणे त्याच्याकडे बघतोय. विष्ठा कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो, आणि वाघापर्यंत पाळी येतेच असं नाही.

आमच्या गटाची प्रमुख माझ्या निम्म्या वयाची होती. 'अगं' म्हणावं तर ती साहेब, 'अहो' म्हणावं तर तीच संकोचायची. मग मी सगळी वाक्यं 'जायचं का?', 'थांबायचं का?' अशीच ठेवली. तिला असली अडचण नव्हती. तिनं पहिल्याच सकाळी "काका" म्हणून हातमोजे आणि झिपच्या पिशव्या माझ्या हाती दिल्या.

वाघाची विष्ठा म्हणजे त्याचं आत्मचरित्र. तिला चिकटलेल्या आतड्याच्या पेशींतून डीएनए मिळतो, त्यावरून नर की मादी तेही कळतं. आतले केस सूक्ष्मदर्शकाखाली धरले की जेवणात चितळ होतं की रानडुक्कर याचा पत्ता लागतो. मी काय खातो याची इतकी चौकशी आजवर कुणी केलेली नाही. पायवाटेवर असा ऐवज दिसला की आमची प्रमुख आनंदानं गुडघ्यांवर बसायची, आणि "ताजी आहे!" हे शब्द आपल्याकडे फक्त भाजीबद्दल वापरतात या माझ्या समजाला रोज तडा जायचा.

त्यात पायमोज्यांत कुसळं आणि कुसळांच्या वर गोचिड्या. आलिया भोगासी असावे सादर!

खरी कसोटी कॅमेरा ट्रॅपची, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची. १९०६ साली अमेरिकन छायाचित्रकार जॉर्ज शिरास यांनी काढलेले रात्रीच्या प्राण्यांचे फोटो 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये झळकले. त्यांतल्या काहींत ताणलेल्या दोरीला पाय लावून हरणानं स्वतःच स्वतःचा फोटो काढला होता. आता दोरी गेली, उष्णता आणि हालचाल टिपणारा सेन्सर आला. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतातच, पण एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही जुळत नाही. कॅमेरा साधारण गुडघ्याच्या उंचीवर लावायचा, आणि तो बरोबर टिपतोय की नाही हे बघायला कुणीतरी त्याच्यासमोरून वाघाच्या उंचीनं जायचं.

हे 'कुणीतरी' म्हणजे स्वयंसेवक. मी चार पायांवर आलो.

"काका, अजून खाली. इतका उंच वाघ नसतो."

खाली झालो.

"थोडं सावकाश. वाघ घाईत नसतो."

वाघाला गुडघेदुखीही नसते, हे मी मनात म्हणालो.

"आता परत या, उजवी बाजू हवीय."

पुढे कार्ड उघडलं तेव्हा आधी शेकडो फोटो नुसत्या गवताचे निघाले. तापलेलं गवत वाऱ्यानं हललं तरी सेन्सरला जनावर आल्याचा भास होतो. मग साळिंदराची पाठ, एका वानराचा अतिजवळून घेतलेला जबडा, आणि मी. डावीकडून, उजवीकडून, स्पष्ट. फोटोंची वर्गवारी करताना तिनं मला 'माणूस' या रकान्यात टाकलं, एवढा दिलासा.

रेडिओ कॉलरचं, म्हणजे जनावराच्या गळ्यातल्या रेडिओ लहरी सोडणाऱ्या पट्ट्याचं काम त्या मानानं उभ्यानं करायचं असतं. १९६१ मध्ये क्रेगहेड या संशोधक बंधूंनी अमेरिकेतल्या यलोस्टोनमधल्या ग्रिझली अस्वलाच्या गळ्यात असा पट्टा घातला होता. तेव्हापासून जगात कुठे ना कुठे कुणीतरी हात वर करून अँटेना फिरवतंय. गच्चीवर चढून "आलं का? आता आलं का?" ओरडणाऱ्या जुन्या पिढीला याचं वेगळं प्रशिक्षण लागत नाही. आवाज जिकडून मोठा, ती दिशा होकायंत्रावर वाचायची, मग धावत दुसऱ्या जागी, तिथून तिसऱ्या. या तीन रेषा एका बिंदूत मिळतील तर शपथ. त्यांचा त्रिकोण होतो, आणि वाघ त्या त्रिकोणात आहे असं सर्वांनी मानायचं. त्यात समोर कडा असला की लहरी त्यावर आपटून भलतीकडूनच येतात. आपण कुठे आहोत हे मात्र वाघाला अँटेनाशिवाय कळत असावं.

"आज काहीच नाही," मी एकदा हताशपणे म्हणालो.

"मग शून्य लिहा. रकाना रिकामा सोडू नका, काका. रिकामा म्हणजे आपण बघितलंच नाही."

इतक्या सन्मानानं मी शून्य कधीच लिहिलं नव्हतं. शाळेत ते मला नेहमी दुसऱ्यांनी लिहून दिलं.

अखेर एका कार्डावर तो सापडला. पहाटे तीन वाजून सात मिनिटं, भारदस्त नर, मी रांगलो होतो नेमका त्याच जागेवरून, सावकाश. मी टाळीसाठी हात पुढे केला, तर प्रमुखबाईंचा चेहरा पडलेला. फक्त डावी बाजू मिळाली होती. समोरच्या कॅमेऱ्यात मुंग्यांनी संसार थाटला होता.

"पुन्हा लावायला लागेल," ती म्हणाली. "काका, जरा वाघ होता का?"