इंग्रजी येतं म्हणून स्पॅनिश तीन महिन्यांत येत नाही

भाच्यानं घरच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर असा : ‘इंग्रजी येणाऱ्याला स्पॅनिश म्हणजे हातचा मळ. निम्मे शब्द सारखेच. नेहमीचे हजार शब्द पाठ करा, व्याकरणाच्या भानगडीत पडू नका, अ‍ॅपवर रोज पंधरा मिनिटं द्या. जसं लिहितात तसंच बोलतात, त्यामुळे कळायलाही सोपी. तीन महिन्यांत गप्पा मारू लागाल. तेवढाही धीर नसेल तर सरळ मेक्सिकोत जाऊन राहा, आपोआप येईल.’ थोड्याफार फरकानं हाच मजकूर वर्षभरात मला चार जणांनी पाठवलाय.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले, तिथेच काही वर्षं शिकवली आणि आता टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला राहते. दर शनिवारी एका ग्रंथालयात आमचा स्पॅनिश गप्पांचा कट्टा भरतो. येणारे बहुतेक जन्मापासून इंग्रजी बोलणारे अमेरिकन : एक निवृत्त नर्सबाई, दोन शिक्षक, एक घरं बांधणारा ठेकेदार. जेवण मागवणं, वेळ विचारणं, आपलं नावगाव सांगणं सगळ्यांना येतं. समोरच्यानं उलट काही विचारलं की मात्र गाडी रुतते. या रुतण्याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी पंधरा मिनिटांचा हिशेब उरकू. रोज पंधरा मिनिटं, नव्वद दिवस, म्हणजे साडेबावीस तास. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना परभाषा शिकवतं, आणि त्यांच्या यादीत इंग्रजी भाषकांसाठी सर्वांत सोप्या गटात स्पॅनिश खरोखरच आहे. इथवर भाचा बरोबर. पण त्या सोप्या गटासाठीही त्यांचा अंदाज २४ ते ३० आठवड्यांचा, वर्गातले सुमारे ५५० ते ६९० तास, घरचा अभ्यास वेगळा. त्यांना कामकाजाची बोलणी करणारी माणसं हवी असतात; नुसत्या गप्पांपुरतं माझ्या अनुभवानं निम्म्यात भागतं. तरी तीनशे तास झाले. पंधरा मिनिटांच्या हप्त्यानं ते सव्वातीन वर्षांत फिटतील.

आता ‘निम्मे शब्द सारखेच’. हे अर्धसत्य जास्त त्रास देतं, कारण ते पूर्ण खोटं नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंचच्या वाटेनं लॅटिन शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही भर घातली. स्पॅनिश तर लॅटिनचीच लेक. त्यामुळे ‘नासिओन’, ‘ओस्पिताल’, ‘इम्पोर्तान्ते’ हे इंग्रजी माणसाला न शिकवता कळतात. पण हे शब्द राहतात कुठे? दरबारात, कोर्टात, वर्तमानपत्रात. घरात चमचा ‘कुचारा’ असतो, उशी ‘आल्मोआदा’, केरसुणी ‘एस्कोबा’. पुण्यात नव्यानं आलेल्या हिंदी माणसाचं असंच होतं. मराठी अग्रलेख तो बऱ्यापैकी वाचतो. ‘फडकं पिळून वाळत घाल’ म्हटलं की तोंडाकडे बघत बसतो. आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण समजून घोटाळा करतो तो वेगळाच.

तसे घोटाळे इथेही आहेत. ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर जायचा रस्ता नव्हे, यश. ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे सध्या. ‘आसिस्तिर’ म्हणजे बहुतेक वेळा हजर राहणं. आमच्या नर्सबाई नातीच्या लग्नाबद्दल फार आतुर होत्या आणि तसं त्यांनी ‘एक्साइटेड’ या इंग्रजी शब्दाला स्पॅनिश शेपूट जोडून भर कट्ट्यावर सांगितलं. ‘एक्सितादा’ हा शब्द स्पॅनिशमध्ये शयनगृहातला आहे. मेक्सिकोहून आलेल्या दोन आज्या डोळे पुसेपर्यंत हसल्या.

हजार शब्दांच्या यादीवर माझा राग नाही. पाठ करावेत. पण यादीच्या माथ्यावर असतात ते ‘दे’, ‘के’, ‘से’, ‘लो’, ‘या’ असले चिमुकले शब्द, आणि यादी प्रत्येकापुढे एकच अर्थ लिहिते. ‘या’पुढे लिहिलेलं असतं ‘आधीच’. प्रत्यक्षात ‘या बोय’ म्हणजे ‘आलोच’, ‘या एस्ता’ म्हणजे ‘झालं’, ‘या नो’ म्हणजे ‘पूर्वी होतं, आता नाही’. क्रियापदांचीही तीच तऱ्हा. केदार घ्या. (हो, उच्चार असाच, पुण्यातल्या प्रत्येक तुकडीत एक केदार असायचा आणि त्याचा तास त्या दिवशी वायाच जायचा.) ‘केदा पोको’ म्हणजे थोडंच उरलंय, ‘ते केदा बिएन’ म्हणजे तुला शोभतंय, ‘दोन्दे केदा’ म्हणजे कुठेशी आहे, आणि स्पेनमध्ये ‘केदामोस आ लास सिएते’ म्हणजे सातला भेटायचं ठरलं. यादीत मात्र हा एकच शब्द, एकच टिकमार्क.

शिवाय गप्पा ज्या गोंदानं चिकटतात तो गोंद यादीत असला तरी कुणी शिकवत नाही. ‘ओ सेआ’ म्हणजे आपलं ‘म्हणजे’. ‘एस के’ म्हणजे ‘त्याचं काय आहे की’. ‘आ बेर’ म्हणजे ‘बघू’. ‘पुएस’ म्हणजे ‘मग’, ‘तर’ आणि विचार करायला मिळालेले दोन सेकंद. इंग्रजी माणूस अडला की ‘अंऽऽ’ करून थांबतो आणि समोरचा त्याची सुटका करायला इंग्रजीत शिरतो. ‘पुएस… एस के…’ म्हणत राहिला तर समोरचा थांबतो. एवढ्यावर कट्ट्यावरच्या दोघांची बोलणी दुप्पट लांबलेली मी पाहिली आहेत.

‘जसं लिहितात तसंच बोलतात, म्हणून कळायला सोपी.’ पहिलं निम्मं ठीक, आणि त्यातून काढलेलं अनुमान चूक. लिहिलेलं वाचता येणं ही एक गोष्ट. बोललेल्यातून लिहिलेलं शोधून काढणं ही उलटी कसरत. ‘तू काय करणार आहेस’ हे कागदावर ‘के बास आ आसेर’ असं चार सुट्या शब्दांत असतं. कानावर ‘केबासासेर’ असा एकच गोळा पडतो. ‘कान्सादो’, म्हणजे दमलेला, हा स्पेनमध्ये सर्रास ‘कान्साओ’ होतो. आंदालुसिया, क्यूबा किंवा चिलीत ‘लोस आमिगोस’चा ‘लोह आमिगोह’ होतो. वेगाचंही बघा. फ्रान्समध्ये ल्यों इथल्या संशोधकांनी २०११ साली काही भाषांची गती मोजली. इंग्रजी सेकंदाला सुमारे ६.२ अक्षरावयव (सिलॅबल, म्हणजे शब्दाचे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे), स्पॅनिश ७.८. स्पॅनिशचा एकेक अवयव कमी माहिती वाहतो, त्यामुळे सांगण्याचा एकूण वेग जवळजवळ सारखाच पडतो. पण हे कानाला कोण समजावणार?

त्यात इंग्रजी कानाला आघात नसलेले स्वर गिळायची सवय. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, पण एकही गिळायची सोय नाही, कारण बराचसा अर्थ शेवटच्या स्वरात आणि जोर कुठे पडतो त्यात असतो. ‘आब्लो’मध्ये जोर पहिल्या अवयवावर पडला तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर पडला तर ‘तो बोलला’. यावर अ‍ॅप नाही, पण एक कंटाळवाणा उपाय आहे. दोन मिनिटांचं खरं बोलणं घ्यायचं, धड्यासाठी मुद्दाम सावकाश वाचलेलं नव्हे. ते दहादा ऐकून कागदावर उतरवायचं आणि मग छापील संहितेशी ताडायचं. पहिल्या दिवशी निम्मंही जमत नाही. आमच्याकडे जे रुतण्यातून बाहेर आले ते बहुतेक याच वाटेनं.

व्याकरणाच्या भानगडीत पडू नका म्हणे! स्पॅनिशमध्ये ‘मी, तू, तो’ सहसा गाळतात. कोण ते क्रियापदाचं शेपूट सांगतं. आपण नाही का ‘जेवलास?’ एवढं एका शब्दात विचारतो. शेपूट ऐकू आलं नाही, तर गोष्ट कुणाची चाललीय हेच कळत नाही. मग तो माणूस हसतो, मान डोलावतो आणि ‘सी, सी’ म्हणतो. हा ‘सी, सी’ मी शंभर पावलांवरून ओळखते.

इथे मराठी माणसाला थोडी मिजास करायला जागा आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ‘मे गुस्ता’ हे उलटं वाक्य वाटतं. आपल्याला ते सरळ ‘मला आवडतं’ आहे. हातातून कप पडला तर इंग्रजी माणूस ‘मी पाडला’ म्हणून मोकळा होतो. स्पॅनिश माणूस म्हणतो ‘से मे कायो’, म्हणजे अगदी आपलं ‘माझ्या हातून पडला’. आणि ज्याच्या नावानं वर्ग ओस पडतात तो सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शक्यता सांगणारं क्रियापदाचं रूप : ‘किएरो के बेंगास’, म्हणजे ‘तू यावंस असं मला वाटतं’. ‘यावंस’ वापरताना आपल्याला कधी घाम फुटलाय का? इंग्रजी भाषकाकडे हा साचा जवळजवळ उरलेलाच नाही, त्यामुळे त्यानं तो बसून शिकायलाच हवा. तक्ते पाठ करून नव्हे, ‘के देस्कान्सेस’ (छान विश्रांती मिळो), ‘के ते बाया बिएन’ (तुझं सगळं छान होवो) असल्या रोजच्या निरोपांतून सुरुवात केली तरी चालेल. पण टाळून गप्पा होत नाहीत.

राहता राहिलं मेक्सिको. चापाला सरोवराकाठच्या आखिखिकमध्ये अमेरिकन आणि कॅनेडियन निवृत्तांची मोठी वस्ती आहे. तिथे इंग्रजीवर आयुष्य निघतं, आणि अनेकांचं निघतंही. आणि मेक्सिकोपर्यंत कशाला जा? सॅन अँटोनियोत स्पॅनिश रस्त्यारस्त्यावर ऐकू येते. आमचा ठेकेदार अकरा वर्षं मेक्सिकन गवंड्यांबरोबर काम करतोय. कट्ट्यावर आला तेव्हा त्याची स्पॅनिश म्हणजे वीट, सिमेंट, उद्या, लवकर. हुकूम सोडायला तेवढी पुरत होती, त्यामुळे पुढे सरकायचं कारणच पडलं नव्हतं. दीड वर्ष तो गाडीतून जाताना तीच ती दोन मिनिटं ऐकतोय, आणि जेवणाच्या सुट्टीत ट्रकमध्ये न बसता गवंड्यांच्यात जाऊन बसतोय. गेल्या महिन्यात त्यांचा एक विनोद त्याला पहिल्यांदा, कुणी न समजावता, कळला. विनोद त्याच्यावरच होता.