धर्माचं नाव घेतलं की गुन्हा माफ? हे कुठल्या कलमात लिहिलंय?

‘धर्मासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही, जाणून घ्या आपले पाच अधिकार’ असा एक मेसेज सध्या नाशकात हातोहात फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही. वर तिरंगा, खाली ‘पुढे पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: राज्यघटनेच्या कलम 25 ने धर्माचरणाला पूर्ण मोकळीक दिली आहे, त्यामुळे धर्मासाठी बोललेलं द्वेषाचं भाषण ठरत नाही. प्रार्थनास्थळात किंवा धार्मिक कार्यक्रमात बोललेल्यावर पोलीस गुन्हा दाखल करू शकत नाहीत. लाउडस्पीकर हा उपासनेचाच भाग आहे. नागा साधूंना आणि कृपाण बाळगणाऱ्या शिखांना सूट आहे, तर ती सगळ्यांनाच आहे. आणि भावना दुखावल्यावर कुणाचा हात उठला तर ती ‘स्वाभाविक प्रतिक्रिया’, गुन्हा नव्हे.

एरवी मी असले मेसेज न वाचता पुसतो. हा माझ्या सख्ख्या भाच्याने घरच्या ग्रुपवर टाकला, तोही ‘मामा, नीट वाचा, कलमांसकट आहे’ अशी पुरवणी जोडून. निमित्त त्याच्या कॉलनीतल्या एका धार्मिक कार्यक्रमाचं. तिथे बाहेरून आलेल्या वक्त्याने सांगितलं की अमुक धर्माच्या भाजीवाल्याला गल्लीत शिरू देऊ नका, शिरला तर गाडी उलटी करा. टाळ्या पडल्या. हे बरं दिसत नाही, एवढंच मी ग्रुपवर लिहिलं, तर उत्तरादाखल हे पाच अधिकार आले.

कलम 25 पासून सुरू करू. भाचा एमपीएससीची तयारी करतोय आणि हे कलम त्याच्या वहीत हायलायटरने रंगवलेलं मी पाहिलंय. मग त्याची सुरुवात वाचायची कशी राहिली? कलमाचं तोंडच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य’ यांच्या अधीन राहून असं आहे. मूलभूत हक्कांच्या भागातल्या बाकीच्या तरतुदीही त्याच्या वर आहेत. एवढं सगळं सांगून झाल्यावर मग स्वातंत्र्य येतं, आणि तेही सर्व व्यक्तींना सारखं. त्या सर्व व्यक्तींत भाजीवालाही येतो. मेसेजवाल्याने कलमाचा पुढचा अर्धा भाग उचलला आणि अट गाळली. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा मात्र इतका उफराटा आहे की लिहिणाऱ्याने कायद्याचं पुस्तक कधी उघडलं तरी होतं का, असा प्रश्न पडतो. प्रार्थनास्थळात बोललं की गुन्हा नाही? भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिचं कलम 196 काढा. धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात अशा कारणांवरून दोन गटांत वैर वाढवणं, याला पोटकलम 1 प्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद. आता पोटकलम 2 वाचा. हाच गुन्हा प्रार्थनास्थळात, किंवा धार्मिक उपासना वा विधी करायला जमलेल्या लोकांत केला, तर 5 वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. म्हणजे मेसेज ज्याला संरक्षण म्हणतो, तिथे कायदा शिक्षा वाढवतो. आणि हे काही 2024 साली कुणी नव्याने घुसडलेलं नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या 153-अ मध्येही हेच होतं.

याचं कारण समजायला वकील लागत नाही. चौकातल्या सभेला माणूस थोडा सावध होऊन जातो, हे पुढारी आहेत, बोलणारच, असं मनाशी धरून. आरती करून हात जोडून बसलेला माणूस तसा नसतो. तिथे कानावर पडलेलं तो प्रसादासारखं घेतो, त्यावर शंका काढत नाही. त्याच्या त्या विश्वासाचा फायदा घेऊन विष पेरणारा जास्त दोषी, असं कायदा मानतो आणि मला ते शंभर टक्के पटतं. कॉलनीतला तो वक्ता तर नेमका त्याच ठिकाणी उभा होता. ज्या मेसेजच्या जोरावर त्याचा बचाव चाललाय, त्याने त्याला 3 वर्षांच्या पोटकलमातून काढून 5 वर्षांच्या पोटकलमात नेऊन ठेवलंय.

लाउडस्पीकरचं काय सांगायचं! दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताही धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली एका चर्चच्या प्रकरणात म्हटलंय. रात्री 10 ते सकाळी 6 बंदी आहे, सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं. मिरवणुकीतला डीजे कोणत्याही रंगाच्या झेंड्याखाली वाजला तरी म्हाताऱ्यांच्या छातीत सारखाच धडधडतो. पुढे.

नागा साधू आणि कृपाणाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानला जाईल, असं कलम 25 च्याच स्पष्टीकरणात लिहिलंय. त्याहून चांगलं उदाहरण मेसेजवाल्याला सापडलं नाही, ते मीच देतो. केरळमधली यहोवा साक्षीदार पंथाची तीन मुलं शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण श्रद्धेपायी गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. म्हणजे धर्माचं कारण न्यायालयात चालतं. पण चाललं ते कशासाठी? मुकाट उभं राहण्यासाठी. त्या मुलांनी कुणाची गाडी उलटवली नव्हती. सिंहस्थात रामकुंडावर किंवा त्र्यंबकला स्नान करणारा साधूही कुणाचं काही हिरावून घेत नाही.

साधूंचा विषय काढलाच आहे तर आपल्या गावातलं ऐका. शैव आखाड्यांचं स्नान त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णवांचं नाशकात, हे का? स्नानाचा मान आधी कुणाचा यावरून पेशवाईत दोघांमध्ये रक्तपात झाला. दोन्ही बाजू धर्माचंच नाव घेत होत्या. पेशव्यांनी ‘श्रद्धेचा विषय आहे, चालू द्या’ म्हटलं नाही, जागाच वेगळ्या करून दिल्या. 2027 च्या सिंहस्थाचं नियोजन आजही त्याच वाटणीवर चाललंय. धर्माच्या नावाने चाललेल्या हाणामारीत राज्याने पडू नये हा विचार पेशव्यांनाही मान्य नव्हता, आणि त्यांना कुणी धर्मद्रोही म्हणत नाही.

राहिला हात उठण्याचा मुद्दा. सगळ्यात घातक हाच, कारण बाकी चार वाचून माणूस फार तर मूर्खपणा करेल, हा वाचून तुरुंगात जाईल आणि दुसरा कुणी स्मशानात. भावना दुखावली म्हणजे समोरच्याने गुन्हा केलाच, असंही नसतं. धर्मभावना दुखावण्याचं जुनं 295-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली वैध ठरवलं, तेच मुळी या आधारावर की ते सरसकट प्रत्येक अपमानाला लागत नाही, हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेल्यालाच लागतं. आणि तसा हेतू होता का, हे ठरवायचं काम न्यायालयाचं, गल्लीतल्या पोरांचं नाही. उलट पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर नव्या संहितेच्या कलम 103 प्रमाणे त्या टोळक्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आहे. ‘स्वाभाविक प्रतिक्रिया’ नावाची सूट त्यात नाही.

नाशिककराने तर हा शब्द तोंडातून काढताना दहादा विचार करावा. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं रामाचं दर्शन मागत होती, दुसरं काही नाही. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी त्यांच्यावर दगडफेक झाली. दगड मारणाऱ्यांच्याही भावना दुखावल्या होत्या की! धर्म बुडतो असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. मग त्यांना माफ करायचं का? माझ्या भाच्याला हे विचारलं, तर तो म्हणाला, ‘मामा, ते वेगळं.’ काय वेगळं, ते अजून त्याने सांगितलेलं नाही. सत्याग्रह चार-पाच वर्षं चालून दार उघडलं नाही आणि 1935 साली आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली.

‘कारवाई एकाच बाजूवर होते’ असं आता कुणीतरी म्हणेल. कारवाई सारखी होत नाही, हे मलाही दिसतं. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तीन राज्यांना आणि 2023 मध्ये सगळ्याच राज्यांना बजावलं की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न पाहता आणि बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा. दुसरा सुटला ही तक्रार करायची तर त्याच्यावर गुन्हा नोंदवा म्हणून करा. आपल्यालाही सुटू द्या म्हणून नाही.

मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे: ‘बिनधास्त पुढे पाठवा, फॉरवर्डला काही होत नाही.’ कलम 196 मध्ये बोललेल्या आणि लिहिलेल्या शब्दांबरोबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवलेलंही येतं. उद्या त्या वक्त्याच्या भाषणाचा व्हिडिओ असाच बिनधास्त पुढे गेला, तर ज्याच्या फोनवरून गेला त्याचा नंबर पोलिसांना मिळतो. आणि सरकारी नोकरीत रुजू होण्याआधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. त्या वेळी गुन्हा नोंद आहे का हे विचारतील तेव्हा उत्तर माझ्या भाच्याला द्यावं लागेल. मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव कुठेच घातलेलं नाही.