टाटाला का?

शुक्रवार संध्याकाळपासून आमच्या घरात सहा शहाळी येऊन पडली आहेत. मी ठणठणीत आहे. हे वाक्य मी गल्लीत इतक्यांदा बोललोय, की आता ते मलाच खोटं वाटू लागलंय.

बेत साधा होता. मुंबईला जायचं, काळा घोड्यापाशी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे ते बघायचं आणि परत यायचं. पण वार ठरवण्यातच पंधरा दिवस गेले. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. मंगळवारी सिद्धिविनायकाला मुंगी शिरणार नाही अशी गर्दी, आणि सिद्धिविनायक न करता हिला मुंबईहून परत आणलं तर ते मला पुढच्या तीन दिवाळ्या ऐकावं लागणार. त्या आठवड्यात बुधवार-गुरुवारकडे आमच्या नळाला पाणी येणार होतं. बुधवारी की गुरुवारी, ते पाणीच ठरवतं. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी भरायला घरात माणूस लागतो, त्यामुळे सोलापूरकर पंचांग बघून नाही, नळ बघून प्रवासाला निघतो. शेवटी ठरला सोमवार. रविवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सोमवारी उजाडता उजाडता सीएसएमटी.

रजेच्या अर्जात मी ‘कारण’ या रकान्यात खरं ते लिहिलं : आधुनिक कला संग्रहालय पाहणे. अर्ज ‘कारण स्पष्ट करावे’ असा शेरा घेऊन परत आला. याहून स्पष्ट काय करायचं असतं?

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर नवी पेठेत ई-तिकिटाच्या दुकानात गेलो. मोबाइलवर तिकीट काढता येतं हे मलाही ठाऊक आहे. एकदा पैसे गेले आणि तिकीट आलंच नाही, तेव्हापासून मी माणसाच्या हातून तिकीट घेतो. दुकानात कॉम्प्युटरवर एक पोरगा, आणि काउंटरच्या काचेवर दोन्ही कोपरं टेकून एक काका. पांढरा पायजमा, टोपी, हातात आधार कार्डाची झेरॉक्स. त्यांचं काम होऊन गेलं होतं. तरी ते उभे होते.

“कुठं चाल्लाव?”

“मुंबईला.”

काकांचा आवाज एकदम खाली आला. “टाटाला का?”

मुंबईत नोकरी नाही, तिथे कुणाचं लग्न नाही, तरी आमच्याकडचा माणूस मुंबईला निघाला, की तो परळच्या टाटा हॉस्पिटललाच निघालेला असतो. काकांची चूक नाही. पण मी हसून “नाही हो, चित्रं बघायला” म्हणालो, तिथे माझी चूक झाली.

“चित्रं म्हंजे? सोनोग्राफी?”

“पेंटिंग हो. आधुनिक कला.”

“हितं नाही का मिळत?”

खरं तर इथेच गप्प बसायला हवं होतं. पण माझी या विषयात एक जुनी जखम आहे. आठवीत मी एलिमेंटरी पास झालो, नववीत इंटरमिजिएटला बसलो. स्मरणचित्राला मी गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा काढला. पाळणा गोल आला नाही, लंबुळका आला. सी ग्रेड. पुढे कळलं की पाळणे लंबुळके काढणारी माणसं जगात आहेत आणि त्यांची चित्रं काचेआड लावतात. तेव्हापासून कुणी चित्रकलेवर बोललं, की मला राहवत नाही.

“काका, हुसेन आपल्याच जिल्ह्यातला. 1915 साली पंढरपुरात जन्मला. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवत रंगवत मोठा झाला.”

“मग पंढरपूरला जावा की ओ. जवळ पडतंय.”

“पंढरपूरला चित्रं नाहीत ना.”

“इठोबा हाय.”

यावर काय बोलणार? आणि राग यायचं कारण म्हणजे काकांचं अर्धं खरं होतं. माणूस जन्मला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, आणि त्याच्या हातचं काही बघायला मिळेल या आशेवर मी साडेचारशे किलोमीटर निघालो होतो. तेही आशेवरच, कारण तिथली प्रदर्शनं बदलत असतात. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी ते विचारून काढून घेतलं.

“म्हंजे तितं कुणाचं चित्र लावलंय, ते तितं गेल्यावर कळणार?”

“हो.”

“आन नसलं तर?”

“दुसऱ्या कुणाचं तरी असेल.”

काकांनी पोराकडे बघितलं. पोरानं स्क्रीनकडे बघितलं. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेनचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र साधारण 118 कोटींना गेलं.

दुकानात शांतता पसरली. काकांनी काउंटरवरचा कॅल्क्युलेटर ओढून घेतला.

“एक चादर पाचशे धरा.”

“कशाला धरायची?”

“धरा की.” ते शून्यं मोजत राहिले. कॅल्क्युलेटरवर शून्यं मावेनात. पोरानं मोबाइल दिला. “तेवीस लाख साठ हजार चादरी.” मग टोपी मागे सारून म्हणाले, “सोलापुरात माणशी दोन दिल्या तरी उरतील बगा.”

मी घरी येऊन ताडून पाहिलं. 2011 च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं. हिशोब बरोबर होता, आणि त्याचाही मला त्रास झाला.

काका पूर्व भागातले, चाळीस वर्षं चादरीच्या मागावर काढलेली. त्यांनी माझा हात धरून समजावलं. चादरीवर मोर असतो ना, तो आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात, मग त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, ती कार्डं जेकार्डवर चढतात. एका कार्डाला एक भोक जास्त पडलं, तर प्रत्येक चादरीत प्रत्येक मोराच्या मानेला तेच गाठोडं येतं. “मालक पगारातनं कापायचा,” काका म्हणाले. “एका भोकाला. आन तितं सगळंच वाकडं असतंय तर कोट्यानं देतेत?” त्यांनी बोटं दाखवली. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक चपटं झालं होतं, नख आडवं वाढलेलं. ते बोट ते बोलताना सारखं काचेवर टेकवत होते, तसे काचेवर ठसे उठत होते, आणि पोरगा ते फडक्यानं पुसत होता.

मी काहीतरी बोललो. सर कावसजी जहांगीर हॉल 1911 चा, जॉर्ज विटेटनं बांधलेला, 1996 पासून त्यात संग्रहालय, आत अर्धगोल मजले एकावर एक, वर घुमट, आणि प्रवेश फक्त 20 रुपये. बोलता बोलता माझा आवाज चढला होता. बाहेर पानाच्या टपरीवरची दोन माणसं आत डोकावत होती. एवढ्यात प्रिंटर घरघरला. दोन तिकिटं, गरम. पंधरा दिवसांनंतरच्या रविवारची.

पोरगा तिकीट देत नव्हता. मोबाइलकडे बघत होता.

“काका, हे सोमवारी बंद असतंय.”

‘काका’ मी होतो.

देशातली बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. हे मला माहीत असायला हवं होतं. ज्या माणसाला विटेट माहीत होता, त्याला सोमवार माहीत नव्हता. खरे काका मात्र भलतेच कनवाळू झाले. “चित्रास्नी बी साप्ताहिक सुट्टी?” ते टपरीवरच्या दोघांना म्हणाले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून, “ऱ्हाऊ द्या. लपवायचं कशाला? टाटा सोमवारी उघडं असतंय की.”

स्लीपरचं तिकीट रद्द करायला माणशी 120 कापतात. दोघांचे 240. म्हणजे संग्रहालय न बघायला मला 240 रुपये पडले, बघायला दोघांचे 40 पडले असते. बुकिंगचा चार्ज वेगळा आणि दुकानवाल्याचं कमिशन वेगळं. ते त्यानं कमी केलं नाही, फक्त तोंड वाईट केलं.

घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं, बातमी दहा मिनिटांत. शेजारच्या वहिनी दोन शहाळी घेऊन आल्या. मी म्हटलं, “अहो वहिनी, मी चित्रं बघायला चाललो होतो.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला क्षणभर पोटात दुखलं. मग हिला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “त्यांना माहीत नाही वाटतं?”

मला खरंच चीड आली ती इथे. माणूस हुरडा खायला गावोगाव फिरतो, लग्नाला कोल्हापूरला जातो, क्रिकेट बघायला पुण्याला जातो, कुणी विचारत नाही. चित्र बघायला निघाला की तो आजारी असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. माझ्या वडिलांनीही तेच विचारलं होतं, सी ग्रेड आला तेव्हा : “डोळे तपासायचे का?”

आज सकाळी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा तोच अर्ज. ‘कारण स्पष्ट करावे’ खोडलेलं, त्याखाली ‘मंजूर’. “दोन दिवसांत काय होणार? आठवडा घ्या,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. मी सांगायला तोंड उघडलं. मग आठवड्याचा हिशोब केला, आणि तोंड मिटलं.

नवी तिकिटं गुरुवार रात्रीची, पाणी भरून झाल्यावर. वेटिंग आहे. हिनं यादी केली आहे : सिद्धिविनायक, दादर, तिच्या मावसबहिणीला शेंगा चटणी दोन किलो, कडक भाकरी एक गठ्ठा, चादरी चार. चित्रं यादीत शेवटी, ‘वेळ राहिल्यास’.

“आणि परत आल्यावर,” ती शहाळ्याला भोक पाडत म्हणाली, “चार-पाच दिवस जरा कमी जेवा. लोक बघतील.”